वीकएण्ड क्लब : बहात्तर पटीनं बारीक!

जिम लावून झाली, ट्रेक करून झाले, गिटारचा क्लास निम्म्यात सोडूनही झाला. आता काय? एक टेबल लॅम्प, दोन-तीन ब्रश आणि तळहातावर मावणारं मिग-२१. स्केल मॉडेल विमानांच्या बारीक रंगकामाचं सॉलिड वेड लागलेल्या मंडळींच्या जगात या आठवड्यात एक चक्कर...

तुमच्या अंगठ्याचं वरचं पेर बघा. आता विचार करा, एवढ्याशा जागेत किती गोष्टी रंगवता येतील? एक खुर्ची. खुर्चीवरचे पट्टे. पट्ट्यांची बकलं. समोर डझनभर घड्याळांसारख्या डायल. दोन्ही बाजूंना स्विचेसच्या रांगा. मधोमध एक दांडा, त्याच्या टोकाला काळी मूठ. आणि हे सगळं रंगवून झाल्यावर वरून पारदर्शक झाकण चिकटवायचं, की निम्म्याहून जास्त दिसणारच नाही!

‘मग रंगवायचं कशाला?’ हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही नॉर्मल आहात. ज्यांना पडत नाही, त्यांच्याबद्दल आजचा कॉलम आहे.

स्केल मॉडेलिंग म्हणजे खेळण्यातलं विमान नव्हे, हे आधी क्लिअर करू. खेळण्यातलं विमान हे ‘विमानासारखं’ असतं. स्केल मॉडेल हे एका ठरावीक विमानाचं, ठरावीक पटीत लहान केलेलं रूप असतं. सर्वांत लाडकी पट म्हणजे १:७२, एकास बहात्तर. बहात्तरच का? सोपं आहे. फुटात बारा इंच, सहा फुटांत बहात्तर. म्हणजे सहा फुटांचा माणूस मॉडेलमध्ये बरोब्बर एक इंचाचा. इंच-फुटात विचार करणाऱ्या इंग्रजांची ही सोय. १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ नावाची लाकडी मॉडेल्स याच पटीत आली, १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ची प्लॅस्टिकची किट्स आली आणि १९५३ मध्ये ‘एअरफिक्स’नं आपलं पहिलं स्पिटफायर काढलं. तेव्हापासून जगभरातल्या पोरांचे आणि त्यांच्या बाबांचे रविवार कामाला लागले ते लागलेच. आज १:४८ आणि १:३२ अशा मोठ्या पटीही जोरात आहेत. पण आपल्या वन बीएचकेच्या शोकेसला १:७२ च परवडतं, काय?

आपल्याकडे ही परंपरा नाही असं म्हणू नका हं. दिवाळीतला किल्ला आठवा. माती, गोणपाट, अळीव आणि वर चित्रं. फक्त आपलं स्केलचं गणित जरा दिलदार असतं. बालेकिल्ल्याएवढे महाराज, महाराजांएवढा मावळा आणि पायथ्याशी बुरुजाहून मोठा वाघ! स्केल मॉडेलवाल्यांना असा वाघ चालत नाही. त्यांचा सगळा खेळ त्या एका आकड्यावर चालतो.

गणित मांडा, बॉस!

हा आकडा डोक्यात बसला की रंगकामाचा अख्खा फंडा कळतो. म्हणजे बघा. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरच्या जरा आत. भागिले ७२. उत्तर दहा सेंटिमीटर. तुमच्या मोबाइलपेक्षाही कमी. कॉकपिटमधली आठ सेंटिमीटरची डायल मॉडेलमध्ये जेमतेम एक मिलिमीटर. पावणेसहा फुटी पायलट अडीच सेंटिमीटरच्या आत बसतो आणि त्याचं हेल्मेट हरभऱ्याच्या डाळीएवढं.

आता उलटं गणित. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. गुणिले ७२. पाच मिलिमीटर! म्हणजे रंगाचा थर केसाएवढा जाड बसला तर खऱ्या विमानावर तो अर्ध्या सेंटिमीटरचा गिलावा झाला. म्हणूनच मॉडेलर मंडळी रंग दुधासारखा पातळ करून घेतात आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात देतात. घाई केली की विमानाची भिंत होते.

आणि सगळ्यात मजेदार हिशेब अंतराचा. मॉडेल आपण हातात धरून साधारण तीस सेंटिमीटरवरून बघतो. गुणिले ७२ केलं की एकवीस मीटर आणि वर थोडं. म्हणजे शोकेसमधलं विमान आपण खरं तर एकवीस मीटर लांब उभं राहून बघत असतो. एवढ्या अंतरावरून काळा रंग तितका काळा दिसत नाही, मधली हवा त्याला थोडं फिकं करते. म्हणून जाणकार लोक टायरला काळाकुट्ट रंग कधीच देत नाहीत, गडद राखाडी देतात. पांढऱ्यातही चिमूटभर राखाडी घालतात. डबीतला ‘अगदी बरोबर’ रंग तसाच्या तसा लावला तर मॉडेल खेळण्यासारखं भडक दिसतं. याला म्हणायचं स्केल इफेक्ट.

आखणीचा हात

बारीक कामाला बारीकातला बारीक ब्रश लागतो, ही या छंदातली सर्वांत मोठी अंधश्रद्धा. दुकानात तीन-चार केसांचे, दहा शून्यांचे ब्रश बघून नवखे लोक खूश होतात. प्रत्यक्षात काय होतं? एवढ्याशा केसांत रंग मावतच नाही आणि जो मावतो तो विमानापर्यंत पोहोचेस्तोवर वाळून जातो. जुने खेळाडू शून्य किंवा एक नंबरचाच ब्रश वापरतात, फक्त त्याचं टोक सुईसारखं जुळणारं हवं. पोटात रंग साठा करतं, टोक काम करतं. सिंपल.

हात स्थिर कसा ठेवायचा, हे बघायचं असेल तर एखाद्या श्रावणात पेणला जा. गणपतीच्या कारखान्यात बाकी रंगकाम चार हात मिळून करतात, पण डोळ्यांची आखणी करायला ठरलेला माणूस बसतो. कोपर टेकवलेलं, मनगटाला आधार, करंगळी मूर्तीवर हलकेच रोवलेली. फक्त बोटांची टोकं हलतात. विमानाच्या कॉकपिटसमोर बसलेला मॉडेलर अगदी तसाच बसतो. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली, म्हणजे हात हलला तरी ब्रश आणि विमान एकत्रच हलतात. श्वास हळूच सोडायचा आणि सोडून झाल्यावरच्या त्या क्षणात रेघ मारायची. आखणीत चूक झाली तर देवाचा चेहरा बदलतो. इथे देव नाही, पण डायलीवर रंगाचा गोळा पडला की जीव तितकाच चुटपुटतो.

त्यासाठीही जुगाड आहेतच. उठावाच्या स्विचवर पांढरा ठिपका द्यायचा असेल तर ब्रशऐवजी टूथपिकचं टोक रंगात बुडवून नुसतं टेकवायचं. बाहेर गेलेला रंग अर्धवट सुकल्यावर ओल्या टूथपिकनंच खरवडून काढायचा. डायल काळी रंगवून आकडे बसले, की प्रत्येक डायलवर चकचकीत व्हार्निशचा एक थेंब. थेंब सुकला की काच बसवल्यासारखी चमकते. एक मिलिमीटरची काच!

उठावाच्या कडा दाखवायच्या असतील तर ‘ड्राय ब्रश’. ब्रशला फिका रंग घ्यायचा, टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि मग उरलासुरला कोरडा ब्रश भागावरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त वरच्या कडांना लागतो, खाचा गडदच राहतात. सीटच्या कडा, लीव्हरची टोकं, नट-बोल्ट... सगळं एकदम उठून दिसतं. पहिल्यांदा केलंत तर जादूच वाटेल, गॅरंटी.

याच्या उलटा ‘वॉश’. पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग खाचेच्या एका टोकाला टेकवायचा. तो आपला आपण रेघेतून धावत जातो, केशाकर्षणाचा नियम शाळेत शिकलात तोच. इथे एक काळजी. खालचा रंग अॅक्रिलिक असेल आणि पूर्ण सुकला असेल तर वॉश एनॅमलचा किंवा ऑइलचा घ्यायचा, म्हणजे पुसताना खालचा रंग निघत नाही. मध्ये ग्लॉस व्हार्निशचा एक हात असला तर सोन्याहून पिवळं. जास्तीचं कापसाच्या बोळ्यानं पुसताना हवेच्या दिशेनं पुसायचं, नाकाकडून शेपटीकडे. राहिलेले पुसट डाग मग उडताना पडल्यासारखे दिसतात.

रंग माझा वेगळा

मिग-२१ चं कॉकपिट काळं किंवा राखाडी असेल असं वाटत असेल तर थांबा. सोव्हिएत विमानांच्या कॉकपिटचा रंग आतून चक्क निळसर हिरवा, पाचूकडे झुकणारा. या रंगानं पायलटच्या डोळ्यांवर आणि मनावर ताण कमी येतो, असं त्यामागचं कारण सांगतात. नाकातला तो शंकू आणि चाकांचे हबही हिरवे. चंदेरी विमानात हे तीन हिरवे तुकडे बरोबर जमले की माहीतगार माणूस लांबूनच म्हणतो, ‘मिग!’

कॅनॉपीच्या चौकटीचा फंडा अजून भारी. काचेचा भाग मास्किंग टेपनं झाकून चौकटीवर आधी कॉकपिटचा निळसर हिरवा रंग द्यायचा आणि त्यावर विमानाचा बाहेरचा रंग. म्हणजे काचेतून आत बघितलं तर चौकट आतल्या बाजूनं बरोबर निळसर हिरवी दिसते. एक चौकट, दोन रंग, मध्ये टेपची धार. टेप काढायच्या क्षणी घरातल्यांनी हाक मारायची नाही, असा बऱ्याच घरांत नियम असतो.

पंखांच्या टोकांवरचे दिवे. पायलटच्या डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. जहाजांवरून आलेला नियम. विमान समोरून बघताना डावं-उजवं उलटं होतं आणि नवख्यांची गोची होते. खाली आधी चांदीचा ठिपका, त्यावर पारदर्शक लाल किंवा हिरवा दिला की दिवा आतून पेटल्यासारखा दिसतो. आणि आपल्या हवाई दलाचं वर्तुळ. मधोमध हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. हे डिकल पाण्यात भिजवून बसवतात. केशरीची शेड हा मात्र भारतीय मॉडेलर्सचा हळवा कोपरा. तिकडच्या शीटवर तो कधी नारिंगी निघतो, कधी तांबडा. काही जण मग डिकल बाजूला ठेवून वर्तुळच हातानं रंगवतात. सलाम!

मळकं की चकाचक?

आता खऱ्या भांडणाकडे येऊ. माझा एक मित्र हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. नाव छापू नकोस म्हणालाय, ऑफिसात चिडवतील म्हणून. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढतो आणि रात्री विमानं रंगवतो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला शेवटचा निरोप दिला गेला. १९६३ मध्ये पहिली तुकडीही चंदीगडलाच उभी राहिली होती. बासष्ट वर्षं! निरोपाचे फोटो बघून यानं कपाटातलं मिग-२१ बिसचं किट बाहेर काढलं.

यामागे एक घरगुती कारण होतं. त्याचे बाबा ओझरला, एचएएलमध्ये. नाशिकजवळचा हा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. मिग-२१ ची एफएल, एम आणि बिस अशी तिन्ही रूपं तिथं बनली. बाबा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लागले ते बिसच्या लाइनवर. पुढे ओव्हरहॉलला. निवृत्त होऊन आता नऊ-दहा वर्षं झाली. घरी कामाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. ‘कंपनीतलं कंपनीत’ हा त्या पिढीचा शिरस्ता.

मित्रानं मॉडेल पूर्ण करत आणलं. पॅनलच्या सगळ्या रेघांत काळा वॉश मारला, इकडे तिकडे धुरकट छटा, रंग उडाल्याचे चांदीचे टवके. एकदम इंटरनेटवर दिसतात तसं. मी तिथंच होते. बाबांनी पेपर वाचायचं भिंग घेतलं, विमान दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘‘हे काळं काय आहे रे?’’

‘‘पॅनल लाइन्स, बाबा. वॉश मारलाय.’’

‘‘अरे, एवढी फट ठेवली असती तर इन्स्पेक्शनवाल्यानं विमान पुढं सोडलं असतं का?’’

मित्रानं कॅल्क्युलेटर काढला. किटवरची रेघ साधारण ०.२ मिलिमीटर रुंद. गुणिले ७२. चौदा मिलिमीटरच्या वर! खऱ्या विमानात दोन पत्र्यांमध्ये बोट अडकेल एवढी फट. बाबा शंभर टक्के बरोबर होते.

पण मित्रही चुकीचा नाही, आणि इथंच खरी गंमत आहे. वस्तू बहात्तर पट लहान केली तरी दिव्याचा उजेड लहान होत नाही. खऱ्या विमानाच्या खाचेत, कडेखाली, चाकाच्या खोबणीत जी सावली पडते ती एवढ्याशा मॉडेलवर पडतच नाही. सावली नसेल तर प्लॅस्टिकचा तुकडा प्लॅस्टिकचाच दिसतो. म्हणून ती सावली रंगवावी लागते. स्पेनमधल्या मॉडेलर्सनी तर गडद रेघा, उजळ पॅनल यांची अशी नाट्यमय स्टाइल काढली की तिलाच ‘स्पॅनिश स्कूल’ म्हणू लागले. फोटोत ती मॉडेल्स जबरदस्त दिसतात. विरोधी गट म्हणतो, एवढी मळलेली विमानं कुठल्या हवाई दलात असतात? हे भांडण जगभर वर्षानुवर्षं चालू आहे आणि मिटणार नाही.

मला त्या संध्याकाळी जाणवलं ते वेगळंच. मित्र ते विमान एकवीस मीटरवरून बघत होता, फोटोंमधून, एअर शोच्या कठड्यामागून. बाबांनी ते कधी एवढ्या लांबून बघितलंच नव्हतं. त्यांचं मिग हाताच्या अंतरावर होतं. त्यांना रेघ दिसत नव्हती, जोड दिसत होता, आणि तो नीट बसवणं हीच त्यांची नोकरी होती. ‘‘आमच्याकडून असलं मळकं विमान कधी बाहेर गेलं नाही,’’ एवढंच म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण लागलं होतं त्यांना.

पुढचे तीन रविवार मग त्या घरात वेगळे गेले. मित्रानं काळा वॉश पुसून काढला आणि चांदीपेक्षा फक्त दोन शेड गडद अशा राखाडीचा दिला. टवके झाकले. बाबा शेजारी बसून सांगत होते. ओव्हरहॉलला आलेल्या विमानाच्या पोटाखाली तेलाचे ओघळ असायचे, ‘‘तिथं लाव, तिथं खरं आहे.’’ पंखावर माणसं चढायची ती ठरलेल्या जागीच, तिथला रंग झिजलेला. मागच्या जेटपाइपचा धातू एकसारखा नसतो, तापून त्यावर निळसर, तपकिरी झाक येते. चाकाच्या हबचा हिरवा मित्रानं फोटो बघून मिसळला होता. बाबांनी मान हलवली. जुन्या बशीत थेंब थेंब रंग घालून घेतला, ‘‘अजून थोडा निळा... बास.’’ कॅमेऱ्यागणिक बदलणारा फोटोतला हिरवा बरोबर, की चाळीस वर्षांपूर्वीचा डोळ्यांतला? कुणी सिद्ध करू शकणार नाही. विमानाला मात्र बशीतलाच हिरवा लागलाय.

अडीच सेंटिमीटरचा माणूस

शेवटी प्रश्न आला पायलटचा. बरेच मॉडेलर कॉकपिट रिकामंच ठेवतात. एवढी मेहनत घेतलेली सीट आणि पट्टे पायलटमुळे झाकले जातात ना! किटमधला तो छोटा पुतळा मग डबीत पडून राहतो.

बाबा म्हणाले, ‘‘बसव त्याला. त्याच्यासाठी तर बनवलंय.’’

मिग-२१ चं नाव घेतलं की आपल्या पिढीला आधी अपघात आठवतात. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले होते. सगळ्या प्रकारची मिळून ८७२ मिग विमानं घेतली, त्यातली ४८२ एप्रिल २०१२ पर्यंत अपघातांत गेली आणि १७१ पायलट मृत्युमुखी पडले. महाराष्ट्राला यातलं एक नाव विशेष माहीत आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ, २००१ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आईनं, कविता गाडगीळ यांनी, मिगच्या सुरक्षिततेसाठी नंतर कित्येक वर्षं लढा दिला. दुसरीकडे हेच विमान. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट्स डागणारी मिग-२१ च होती आणि दोन दिवसांनी युद्ध संपलं. अभिमान आणि हुरहुर, दोन्ही एकाच विमानात.

म्हणून त्या अडीच सेंटिमीटरच्या माणसाला रंगवताना हात जरा सावकाश चालतो. आधी कपड्यांचा रंग, त्यावर सुरकुत्यांत पातळ वॉश, मग पट्टे. हेल्मेट पांढरं, व्हायझरवर काळा आणि वर चकचकीत व्हार्निश. ऑक्सिजन मास्क आणि त्याची नळी, टूथपिकनं. चेहऱ्याचा जो मिलिमीटरभर भाग दिसतो तिथं त्वचेचा रंग. आणि किटच्या कागदावर सांगितलेला गुलाबी गोरा नाही हं, आपल्याकडचा गहूवर्णी. तो रंग डबीत मिळत नाही, मिसळावा लागतो.

सुरुवात करायचीय?

किट : पहिल्यांदा १:७२ चं, एका इंजिनाचं, कमी तुकड्यांचं घ्या. महागड्या किटमध्ये पापुद्र्यासारखे पत्र्याचे तुकडे असतात, ते नंतर. पहिल्या किटवर सगळं शिकायचंय असं ठरवूनच बसा.

रंग : फ्लॅटमध्ये राहत असाल तर अॅक्रिलिक बेस्ट. पाण्यानं पातळ होतात, वास कमी. पांढरा, काळा, चांदी, लाल, हिरवा, निळा एवढ्यावर खूप काही मिसळता येतं. प्रायमरचा एक हात विसरू नका, नाहीतर प्लॅस्टिकवरून रंग नखानं निघतो.

ब्रश : शून्य, एक आणि तीन नंबर. चांगले सिंथेटिक घ्या. ‘मुंगसाच्या केसांचा, एकदम ओरिजिनल’ असं सांगून कुणी विकत असेल तर तिथूनच परत फिरा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याचा व्यापार गुन्हा आहे आणि चार ब्रशसाठी मुंगसं मारली जावीत एवढं आपलं विमान मोठं नाही.

उजेड आणि भिंग : पांढऱ्या उजेडाचा लॅम्प डाव्या खांद्याकडून (डावखुरे असाल तर उजव्या). डोक्याला लावायचं भिंग किंवा घड्याळजीचं एका डोळ्याचं भिंग, दोन्ही चालतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांब बघा. दिवसभर स्क्रीनसमोर असणाऱ्यांनी तर नक्कीच.

हवा : थिनर किंवा एनॅमल वापरताना खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेनं आणि जवळ मेणबत्ती-अगरबत्ती नको. घरात लहान मूल असेल तर डबे कुलपात.

आणि हे नक्की वाचा : टोक जुळवायला ब्रश ओठांत धरायचा नाही. कधीच नाही. १९१७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात मुली घड्याळांच्या डायल अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या रंगानं रंगवायच्या. टोक बारीक राहावं म्हणून ब्रश ओठांनी जुळवायला त्यांना शिकवलं होतं. जबड्याची हाडं झिजली, कित्येक जणी गेल्या. कोर्टात लढून १९२८ मध्ये त्यांना तडजोडीत भरपाई मिळाली. आपल्या रंगात रेडियम नसतं, पण बाकी जे असतं तेही पोटात जायच्या लायकीचं नाही. टोक टिश्यूवर फिरवून जुळवा.

वेळ : एका बैठकीत एकच गोष्ट. आज सीट, उद्या पट्टे, परवा डायल. वीकएण्डला अख्खं विमान उडवायला गेलात तर सोमवारी ते कचऱ्याच्या डब्यात लॅण्ड होईल.

आणि हो, घरात आजोबा, काका, शेजारचे कुणी असतील ज्यांनी अशा खऱ्या वस्तूंवर हातानं काम केलंय, मग ते विमान असो, एसटीची बस असो नाहीतर गिरणीचा साचा, तर त्यांना शेजारी खुर्ची टाकून द्या. इंटरनेटवर न सापडणाऱ्या शेड्स त्यांच्याकडे असतात. त्या विचारून घ्यायला अजून वेळ आहे तोवर विचारून घ्या.

भेटूच पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत कोपर टेबलावर ठेवा आणि श्वास सोडून रेघ मारा!